कागदी शिरस्त्राण आणि चिलखत: पहिल्या मापापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

जाड कागद कापून, दुमडून आणि चिकटवून अंगावर घालता येईल असे शिरस्त्राण करता येते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. वस्तू पुरी झाल्यावर त्यात कागद कुठेच दिसत नाही, हेही त्याचे एक कारण असावे. कागद इथे साच्याचे काम करतो. त्याला आतून अस्तर लागते, बाहेरून लांबी, म्हणजे खळगे बुजवणारी पुट्टी, भरली जाते, मग घासणे आणि रंग, आणि अखेरीस हातात येते ती कडक, हलकी, धातूसारखी दिसणारी वस्तू. मात्र साचा वाकडा असेल तर पुढचा प्रत्येक थर तो वाकडेपणा अधिक पक्का करत जातो. म्हणून नवशिक्याला मी आधी हेच सांगतो की चूक कागद कोरडा आणि मऊ असतानाच पकडा. चुकलेला तुकडा पुन्हा छापायला काही मिनिटे लागतात, पण कडक झालेल्या कवचातली तीच चूक काढायला पूर्ण दिवस जातो आणि तरीही ती निघेलच असे नाही.

या पद्धतीला जगभर 'पेपाकुरा' म्हणतात. 'पेपरक्राफ्ट' या शब्दाच्या जपानी उच्चाराचे हे संक्षिप्त रूप असून, टामा सॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या 'पेपाकुरा डिझायनर' या प्रणालीमुळे ते रूढ झाले. संगणकातली त्रिमितीय आकृती उलगडून सपाट तुकड्यांत मांडणे हे या प्रणालीचे काम. प्रत्येक तुकड्याच्या कडेला क्रमांक असतो, आणि ३७ क्रमांकाची कड दुसऱ्या तुकड्यावरच्या ३७ क्रमांकाच्याच कडेला चिकटते. तयार आराखडे पीडीओ स्वरूपात मिळतात आणि ते नुसते पाहण्या-छापण्यासाठी मोफत व्ह्यूअर आहे. ब्लेंडर या मोफत प्रणालीतही कागदी प्रतिकृतीचा आराखडा काढून देणारी पुरवणी (अॅड-ऑन) उपलब्ध आहे. दुसऱ्याने तयार केलेला आराखडा वापरून वस्तू विकण्याचा विचार असेल, तर त्याची परवानगी आधी घ्यावी.

पहिली वस्तू कोणती निवडावी, याला महत्त्व आहे. संपूर्ण चिलखताच्या मोहात पडू नये. मनगटापासून कोपरापर्यंतचे कवच किंवा खांद्याचा एक तुकडा यांत सगळी कौशल्ये वापरावी लागतात, आणि काही बिघडले तरी नुकसान थोडे होते. शिरस्त्राण दुसरे घ्यावे. आराखडा निवडताना तुकड्यांची संख्या पाहावी. मोठ्या, सपाट पृष्ठांचा आराखडा लवकर जुळतो, पण त्याचे कंगोरे नंतर लांबी भरून गोल करावे लागतात. बारीक तुकड्यांचा आराखडा मूळ आकाराच्या जवळ जातो, मात्र जोडताना संयमाची परीक्षा पाहतो. पहिल्या कामाला मोठ्या पृष्ठांचाच बरा.

माप

निम्म्याहून अधिक कामे इथेच बिघडतात. डोक्याचा घेर मोजून भागत नाही, कारण शिरस्त्राण डोक्याला चिकटून बसत नसते. मोजायच्या गोष्टी तीन आहेत: हनुवटीखालपासून टाळूपर्यंतची सरळ उंची, कानांच्या बाहेरच्या कडांपासून कडांपर्यंतची रुंदी, आणि नाकाच्या शेंड्यापासून डोक्याच्या मागच्या फुगवट्यापर्यंतची लांबी. ही मापे डोक्यावरून टेप गुंडाळून घेऊ नयेत. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, टाळूवर पुठ्ठा आडवा धरावा आणि सरळ अंतर मोजावे. प्रत्येक बाजूला गादीच्या फोमसाठी आणि कवचाच्या जाडीसाठी मिळून दोन ते अडीच सेंटिमीटर जागा धरावी. बंद शिरस्त्राण असेल तर त्याच्या खालच्या तोंडातून डोके आत जाते का, हे वेगळे तपासावे. मी केलेले पहिले शिरस्त्राण डोक्याच्या मापाने बरोबर होते, पण नाक ते मागचा फुगवटा हे अंतर मी धरलेच नव्हते. ते घालता यावे म्हणून शेवटी मागचा भाग कापून त्याला बिजागरी बसवावी लागली.

माप ठरले की प्रमाण काढणे सोपे असते. आराखड्यातली उंची २६ सेंटिमीटर आहे आणि आपल्याला २९ हवी आहे, तर २९ भागिले २६ म्हणजे सुमारे १.११५. सर्व बाजू याच प्रमाणात वाढवाव्यात. उंची साडेअकरा टक्के वाढली, तरी कागद जवळजवळ २४ टक्के जास्त लागतो, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढते. कागद आणताना हा हिशेब करावा. उंचीवरून काढलेल्या प्रमाणात रुंदी आणि लांबी बसते का, तेही पाहावे. तिन्ही मापांपैकी ज्याला सर्वांत मोठे प्रमाण लागेल तेच धरावे, कारण सैल शिरस्त्राणात फोम भरता येतो, पण घट्ट शिरस्त्राणाला उपाय नाही.

छातीच्या कवचाचे माप बसून घ्यावे. उभे राहून घेतलेल्या मापाचे कवच खुर्चीत बसताच वर सरकते आणि त्याची कड हनुवटीला लागते. दंडाचे माप हात वाकवून, स्नायू फुगवून घ्यावे, आणि मांडीचे अर्धवट खाली बसून. काखेत, कोपरात आणि गुडघ्याच्या मागे कवच नसलेली मोकळी जागा सोडावी लागते. आरशासमोर हात वर करून, वाकून पाहिले की ही जागा किती हवी ते लगेच कळते.

संपूर्ण आराखडा छापण्याआधी एकच पान छापून त्यावरची ज्ञात लांबी पट्टीने मोजावी. छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला असेल, तर प्रिंटर सगळे काही टक्क्यांनी लहान करतो आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. 'प्रत्यक्ष आकार' किंवा शंभर टक्के हाच पर्याय हवा. मापाबद्दल शंका असेल तर साध्या कागदावर फक्त कपाळाची पट्टी छापून डोक्याभोवती धरून पाहावी.

कागद आणि हत्यारे

साधा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद उपयोगाचा नाही, कारण तो गोंदाने सुरकुततो आणि स्वतःच्या वजनाने झुकतो. १६० ते २२० जीएसएमचा कार्डपेपर घ्यावा. त्याहून जाड कागद घरगुती प्रिंटरमध्ये अडकतो आणि त्याची बारीक घडीही नीट पडत नाही. कागद हातात धरून एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवावा. ज्या दिशेने तो सहज वळतो तिला आडवे त्याचे तंतू असतात, आणि लांब वळणदार पट्ट्या शक्य तिथे त्याच सहज वळणाच्या दिशेने छापल्या तर गोलाई सुरेख येते. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. लेझर प्रिंटरच्या छपाईला तो त्रास नाही.

हत्यारे मोजकीच लागतात. तुटत्या पात्याचा कटर, लोखंडी पट्टी, खाली घ्यायला कटिंग मॅट, घडी आखण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन, आणि अडचणीच्या जागी पोहोचण्यासाठी चिमटा. पाते वरचेवर तोडून नवे करावे. बोथट पाते कागद फाडते, आणि जास्त जोर लावावा लागल्याने ते घसरून बोटात घुसण्याचा धोकाही वाढतो.

कापणे, आखणे, दुमडणे

आराखड्यावर दोन प्रकारच्या तुटक रेषा असतात: एक बाहेर उचललेल्या, डोंगरासारख्या घडीची आणि दुसरी आत दबलेल्या, दरीसारख्या घडीची. कोणती रेषा कशाची हे प्रत्येक आराखड्यात सारखे नसते, म्हणून त्याची खूण वाचूनच सुरुवात करावी. तुकडा कापण्याआधी सगळ्या घड्यांवरून पट्टी ठेवून रिकामे बॉलपेन दाबून फिरवावे. नुसत्या हाताने दुमडलेला कागद आपल्या मनाने वळतो. आखलेला कागद बरोबर रेषेवरच मोडतो, आणि या एका गोष्टीवर सगळ्या जोडांची अचूकता अवलंबून असते. काही जण घडीवर कटरने अर्धवट छेद देतात. कवच आतून मजबूत होण्याआधी अशा घड्या फाटतात, म्हणून नवशिक्याने ते टाळावे.

एका वेळी सगळी पाने कापून ढीग करू नये. एका पानाचे तुकडे कापावेत, त्यांच्या सगळ्या घड्या पाडाव्यात, ते जोडावेत आणि मगच पुढचे पान घ्यावे. कापलेल्या तुकड्याच्या मागे पेन्सिलीने पानाचा क्रमांक लिहिण्याची सवय लावावी.

जोडणी

फेव्हिकॉलसारखा पांढरा पीव्हीए गोंद सर्वांत विश्वासाचा. तो तुकड्याच्या जिभेवर, म्हणजे कडेला सोडलेल्या चिकटवायच्या पट्टीवर, बोटाने इतका पातळ लावावा की कागदाचा रंग त्यातून दिसावा, आणि मग जोड वीस ते तीस सेकंद चिमटीत धरावा. जास्त गोंदाने पकड वाढत नाही, कागद ओला होऊन फुगतो एवढेच. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद बारीक टोकांना उपयोगी असला, तरी त्याचा जोड ठिसूळ होतो आणि चुकल्यास सोडवता येत नाही. ग्लूगनच्या जाड रेषेमुळे दोन कडांमध्ये फट राहते आणि बाहेर उंचवटा येतो. फार तर आतल्या बाजूने टेका देण्यासाठी ती वापरावी.

जोडणीची सुरुवात समोरच्या मध्यरेषेपासून करावी. शिरस्त्राण असेल तर कपाळाच्या मधल्या तुकड्यापासून निघून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे पुढे जावे. एकच बाजू पूर्ण करत गेले की प्रत्येक जोडातली अर्ध्या मिलिमीटरची चूक साचत जाते आणि मागे दोन्ही बाजू भेटतात तेव्हा चांगली पाच-सहा मिलिमीटरची तफावत पडते. ती ओढून जुळवली तर सगळे कवच पिळले जाते. अशा वेळी ओढाताण करण्याऐवजी, शेवटचा तुकडा त्या तफावतीच्या मापाने कापून ती तिथेच सामावून घ्यावी.

सगळ्यात अवघड असतो तो शेवटून दुसरा तुकडा. आतून बोट पोहोचेल अशी वाट तोवर बंद झालेली असते. म्हणून शेवटची जागा आधीच ठरवावी, आणि ती खालच्या तोंडाजवळ किंवा मागच्या कडेला असावी. टाळूवर कधीही शेवट करू नये. चिमट्याने जीभ आत धरून बाहेरून बोटाने दाबायचे आणि पुटपुटत वीसपर्यंत मोजायचे. ते काही सेकंद कंटाळवाणे असतात, पण तिथेच घाई झाली तर तो जोड पुढे ओलाव्याने उघडतो.

कागद ओला करण्याआधी

कोरडे कवच तयार झाले की लगेच गोंद किंवा रेझिन (वाळून कडक होणारा रासायनिक द्रव) लावण्याची ओढ लागते. त्याआधी ते घालून पाहावे. मान वळते का, समोर दिसते का, हनुवटी कुठे अडते का, हे पाहावे. मग आतून टेके द्यावेत: दोन सेंटिमीटर रुंदीच्या दुहेरी कार्डपेपरच्या पट्ट्या एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत चिकटवाव्यात. प्रत्येक पट्टीची लांबी आराखड्यातल्या अंतराशी ताडून पाहावी. ओला झालेला कागद काही मिनिटे जवळजवळ कापडासारखा मऊ होतो, आणि टेके नसतील तर शिरस्त्राणाची दोन्ही गालपट्टे बाहेर फाकतात. वाळल्यावर ती तशीच फाकलेली राहतात. माझ्या एका शिरस्त्राणाची एक भुवई अशाच घाईत दुसरीपेक्षा एक बोट खाली आली होती, आणि कितीही लांबी भरली तरी समोरून पाहणाऱ्याला ती जाणवत राहिली.

कवच कडक करणे

यासाठी दोन वाटा आहेत. नवशिक्याने, आणि घरात मुले असतील त्याने, पहिलीच वाट घ्यावी.

पहिली वाट पाण्यात मिसळणाऱ्या गोंदाची. आधी बाहेरून पाणी न घातलेल्या पीव्हीए गोंदाचा अगदी पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे पुढच्या ओलाव्याला कागद तोंड देऊ शकतो. मग दोन भाग गोंदात एक भाग पाणी मिसळून, हाताने फाडलेल्या साध्या कागदाच्या पट्ट्या त्यात भिजवून आतून लावाव्यात. पट्ट्या फाडाव्यात, कापू नयेत, कारण फाटलेली कड पातळ असते आणि तिचा उंचवटा उमटत नाही. एक थर झाला की तो रात्रभर वाळू द्यावा, मगच दुसरा लावावा. दुसऱ्या थराच्या पट्ट्या पहिल्याला आडव्या असाव्यात. कडांवर आणि ताण येणाऱ्या कोपऱ्यांवर बँडेजचे सुती जाळीदार कापड गोंदात भिजवून बसवले की तिथे तडा जात नाही. तीन थरांनंतर बोटाने वाजवले असता पुठ्ठ्याचा भदभद आवाज जाऊन टणक आवाज येतो, आणि तीच थांबायची खूण.

दुसरी वाट पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंच्या (फायबरग्लासच्या) चटईची. कवच त्याने फार मजबूत होते, पण हे काम खेळण्यासारखे नाही. रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते. ती ज्वलनशील असते आणि श्वासातून जाणे अपायकारक असते. धुळीसाठीचा साधा मास्क तिला अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसांचा रेस्पिरेटरच लागतो. काम उघड्यावर करावे, जवळ ज्योत नसावी, हातात नायट्राइलचे मोजे असावेत. कठीण करणारा द्रव, म्हणजे एमईकेपी, डोळ्यांना कायमची इजा करू शकतो, म्हणून तो मोजतानाही संरक्षक चष्मा काढू नये. त्याचे प्रमाण साधारणपणे रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के असते, तरी डब्यावर दिलेले प्रमाणच अंतिम मानावे. एका वेळी थोडेच मिसळावे, कारण गोठताना मिश्रण तापते आणि भांड्यात जास्त उरले तर धूर येण्याइतके तापू शकते. पहिला हात बाहेरून पातळ द्यावा. तो कडक झाला की आतून चटईचे तळहाताएवढे तुकडे रेझिनमध्ये भिजवून ब्रशच्या टोकाने टिपत बसवावेत, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. थर्मोकोलला हे रेझिन विरघळवते, म्हणून आत थर्मोकोलचा टेका ठेवू नये.

लांबी आणि घासकाम

वस्तूचे रूप इथे ठरते, आणि वेळही सर्वांत जास्त इथेच जातो. रेझिनच्या कवचावर गाड्यांच्या डागडुजीत वापरतात ती दोन भागांची लांबी चालते. गोंदाच्या कवचावर पीव्हीए गोंदात खडूची बारीक भुकटी कालवून दह्याइतके दाट मिश्रण करावे. दोन्ही बाबतीत एका वेळी पातळ थर द्यावा. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि नंतर चिरतो.

घासण्यासाठी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२०, २२० आणि ४०० असे चढत जावे. गोंदाच्या कवचावर १२० पासूनच सुरुवात करावी, नाहीतर कागद उघडा पडतो. सपाट भागावर पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरावा. नुसत्या बोटांनी घासले की बोटांच्या रेघांप्रमाणे खळगे पडतात, आणि चकचकीत रंग लावल्यावरच ते दिसतात. धारदार हव्या असलेल्या कडांवर मास्किंग टेप लावून एक बाजू घासावी, मग टेप दुसऱ्या बाजूला लावून उरलेली.

खळगे शोधण्याची एक पद्धत मी प्रत्येक कामात वापरतो. पृष्ठभाग सपाट झाला असे वाटले की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा दुरून मारावा, नुसते ठिपके पडावेत इतकाच. तो वाळल्यावर ठोकळ्याने हलके घासावे. उंच भागावरचे काळे ठिपके चटकन जातात, खळग्यातले राहतात. पहिल्या वेळी सगळे कपाळ काळ्या बेटांनी भरलेले दिसते. त्या बेटांवर लांबी भरायची, घासायचे आणि पुन्हा फवारायचे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला सगळे ठिपके एकदम नाहीसे होतात. सुकी लांबी घासताना धूळ खूप उडते, म्हणून तोंडाला मास्क हवा आणि काम घराबाहेर व्हावे.

रंग

घासकाम संपले की प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. स्प्रेचा डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरावा, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा, आणि एका जागी थांबू नये, नाहीतर ओघळ येतो. धातूचा भास हवा असेल तर चंदेरी रंगाखाली चकचकीत काळा थर द्यावा. त्याने चंदेरीला खोली येते. चंदेरी थर वाळला की काळा आणि तपकिरी अॅक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून खाचांत सोडावा आणि वरचा भाग कापडाने पुसावा. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर उजळ चंदेरी घासावा. ओरखडे कुठे पडतील याचा विचार करून ते काढावेत: मनगटाच्या कवचाच्या बाहेरच्या कडेला, खांद्यावर पट्टा घासतो तिथे, शिरस्त्राण काढताना बोटे जिथे लागतात तिथे. सगळीकडे सारखे ओरखडे काढले की वस्तू जुनी वाटत नाही, मळलेली वाटते. शेवटी पारदर्शक वार्निशचा हात द्यावा.

अंगावर चढवणे

शिरस्त्राणात कपाळाला, मागे आणि दोन्ही कानांच्या वर असे फोमचे चार वेगळे तुकडे लावावेत. सलग अस्तर लावले की आत हवा खेळत नाही आणि घामाने डोळ्यांपुढची काच धुरकटते. हनुवटीजवळ किंवा मागे लपलेली छिद्रे ठेवावीत. कवचे अंगाला बांधण्यासाठी रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रो पुरेसे असतात, पण ते नुसते चिकटवू नयेत. पट्ट्याच्या टोकावर कापडाचा तुकडा ठेवून तो गोंदाने किंवा रेझिनने आतून पक्का करावा, कारण घालताना-काढताना सगळा जोर त्याच जागेवर येतो. तलवारीसारख्या लांब वस्तूला आत पीव्हीसी पाइप किंवा लाकडी दांडी हवीच, आणि तिचे टोक बोथट ठेवावे.

हे कवच दिसण्यापुरते आहे. ते मार झेलत नाही, आणि कागद, गोंद व रेझिन हे सगळे जळणारे पदार्थ असल्याने ते घालून उघड्या ज्योतीजवळ जाऊ नये. पहिल्यांदा घराबाहेर नेण्याआधी ते अर्धा तास घरातच घालून जिना चढावा-उतरावा, खुर्चीत बसावे, खाली पडलेली वस्तू उचलावी. जिथे टोचते तिथे पेन्सिलीने खूण करावी, आणि तेवढ्याच जागी फोम वाढवावा किंवा कड घासावी. काम नसताना कवच उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. शिरस्त्राण कागदाचे बोळे भरून, उभे ठेवले म्हणजे त्याची गालपट्टे फाकत नाहीत.